पाहुण्यांची सोय

समुद्रकाठच्या पोर्थ हेलिग गावात नेस्ता प्रिथर्चला ओळखत नाही असं माणूस नाही, आणि नेस्ताने ज्याची चौकशी केली नाही असंही माणूस नाही. चौकशा करायची तिला लहानपणापासून खोड. नवरा गेला तेव्हा डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता तिने शवपेटीवाल्याला विचारलं होतं, "पेटी खांद्यावरून न्यायची असते, मग हिला कड्या कशाला बसवता हो?" तो बिचारा गांगरला. तिने तिथंच पेटीला वाकून कड्या तपासल्या. लोक अजून हसतात, पण खरं सांगायचं तर त्या कड्या कशाला असतात हे हसणाऱ्यांपैकीही कोणाला ठाऊक नाही.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिने बत्तीस वर्षं काढली. शाळा बंद झाली, पण नेस्ताचं दुसरं काम चालूच राहिलं. आमच्या भागातल्या सात गावांचं मिळून एक मासिक निघतं, 'शिंपला'. त्यात पोर्थ हेलिगच्या बातम्या ती लिहिते. कोणाला नात झाली, कोणाचा खुबा बदलला, कोण गाडी चालवायच्या परीक्षेत चौथ्या खेपेला पास झालं. भांडणं 'शिंपल्या'त येत नाहीत. ती छापायची गरजच नसते, छापून होईपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ झालेली असतात.

तर त्या वर्षी मार्चमध्ये जिल्ह्याच्या कौन्सिलचं पत्र आलं. बस-स्टॉपजवळचा सार्वजनिक संडास चालवायला जिल्ह्याकडे आता पैसे नाहीत. गावाने आपल्या खर्चाने घ्यायचा असेल तर घ्यावा, घरामागे वर्षाला चौदा पौंड कर वाढेल. नाहीतर एकतीस मेला कुलूप.

चॅपेलच्या मागच्या खोलीत सभा भरली. गावच्या कौन्सिलचा अध्यक्ष एमिर, तो गॅरेजवाला, उभा राहिला. त्याच्या तोंडातून तो शब्द काही निघेना. "तर... बस-स्टॉपजवळचं ते..." असं दोनतीनदा झालं. समोर पाद्रीबुवा बसलेले, बायका बसलेल्या. आमच्याकडे माणसं दुसऱ्याच्या पोटाच्या ऑपरेशनच्या गोष्टी चहाबरोबर चवीने ऐकतात, पण संडासाचं नाव काढलं की सगळे छताकडे बघतात.

"आपल्यापैकी ते वापरतं तरी कोण?" एमिरने शेवटी विचारलं.

सगळे पुन्हा छताकडे बघू लागले.

"आम्ही कशाला वापरू?" मागून एक बाई म्हणाली. "घरं आहेत की आम्हाला!"

मग इदवल ह्यूज उठला. वय एकोणऐंशी, साठ वर्षं मेंढ्या राखलेला माणूस, बोलतो कमी, म्हणून बोलला की लोक ऐकतात. "उन्हाळ्यात हे पाहुणे येतात," तो म्हणाला, "गल्लीत गाड्या आडव्या घालतात, किनाऱ्यावर डबे टाकून जातात. आता त्यांची ही सोयपण आपणच करायची? आपल्या पैशाने?"

टाळ्याच पडल्या. नेस्तानेही मान हलवली आणि वहीत लिहिलं, गावातलं कोणीही ते वापरत नसल्याचं सर्वांचं मत पडलं. महिनाभराने पुन्हा सभा घेऊन हात वर करून निकाल लावायचा ठरलं, आणि सगळे आनंदाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी साफ उतरवून काढताना नेस्ताचं पेन त्या वाक्यापाशी अडकलं. कारण आदल्या संध्याकाळी सभेला यायच्या आधी, थंडीने दम निघेना म्हणून, ती स्वतः तिथे जाऊन आली होती.

"अगं बाई!" ती एकटीच मोठ्याने म्हणाली. "मग मी मान कशाला हलवली?"

आणि मग लगेच दुसरा प्रश्न आला, तो तिला काही सोडेना. मी जाते, तर आणखी कोण जातं?

ती तडक गेली रोन्वेनकडे. रोन्वेन तो संडास रोज झाडते-पुसते.

"फेब्रुवारीत पाहुणे येतात का गं?"

"फेब्रुवारीत इथं कुत्रं येत नाही," रोन्वेन म्हणाली.

"मग फेब्रुवारीत कागद किती संपतो?"

"दिवसाला दोन रिळं."

"कोण संपवतं?"

रोन्वेनने बादली खाली ठेवली. "नेस्ता, मी पुसते. बघत नाही. तुला बघायचंय तर तू बघ."

एवढं आमंत्रण मिळाल्यावर नेस्ता घरी बसतेय कसली! सोमवारी सकाळी थर्मास, विणकाम आणि वही घेऊन ती बस-स्टॉपच्या बाकावर जाऊन बसली. संडासाचं दार तिथून पंधरा पावलांवर. आठवड्याचे सहा दिवस तिने तिथे काढले, आणि गावाला कळलंही, पण नेस्ता कुठे बसली तर का बसली हे विचारण्याची सोय नसते, उलट आपणच चार उत्तरं देऊन बसतो.

पहिल्या तासात टपालवाला आला. मग घरोघर म्हाताऱ्यांना अंघोळी घालायला फिरणाऱ्या दोन मुली आल्या, पळतच. दोन घरांच्या मधे त्यांना दहा मिनिटं मिळतात, आणि लोकांच्या घरात जायचं त्यांना बरं वाटत नाही. शेतावरून बाजाराला आलेल्या बायका आल्या. नेस्ता एका बाजूला 'आपले', दुसऱ्या बाजूला 'पाहुणे' अशी नावं आणि रेघा ओढत गेली. पाहुण्यांच्या बाजूला दुपारपर्यंत दोनच रेघा. एक जर्मन जोडपं होतं, आणि तेसुद्धा आत जाऊन आल्यावर नकाशा बघत उभं राहिलं ते राहिलंच.

साडेदहाला एमिर आला. ऑइलचे हात पुसत आत गेला, बाहेर आला, आणि समोर नेस्ता.

"दिवा चालू आहे का बघत होतो," तो म्हणाला.

"आहे का?"

"आहे, आहे."

"दिवसासुद्धा?"

एमिर गॅरेजकडे निघून गेला. मंगळवारी पाद्रीबुवा आले. बाहेर आल्यावर त्यांनी दाराबाहेरचा भरती-ओहोटीचा तक्ता नीट वाचून काढला, चष्मा लावून. गेल्या वर्षीचा तक्ता होता तो. नेस्ता सुयांवर टाके मोजत राहिली आणि तिने हसू दाबून धरलं.

इदवल मात्र काहीच बहाणा करत नसे. नऊ चाळीसची बस धरायची, त्याआधी पाच मिनिटं तो आत जाऊन येई. सव्वातीनला परत आला की बसमधून उतरून आधी तिकडेच. येताजाता टोपीला हात लावी, बस्स. तो कुठे जातो हे नेस्ताला माहीत होतं, गावालाही होतं. त्याची बायको ओलवेन पक्षाघाताने आडवी झाली त्याला दीड वर्ष झालं. ती शहरातल्या वृद्धांच्या निवासात होती. इदवलला डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नव्हती, म्हणून तो रोज बसने जायचा. ओलवेन दुपारचं जेवण त्याच्याच हातून खायची.

बुधवारी सकाळी दाराला कुलूप होतं. वर कागद चिकटवलेला, पाइप दुरुस्ती, दुपारपर्यंत बंद.

इदवल नेहमीसारखा आला. हातात ओलवेनच्या धुतलेल्या कपड्यांची पिशवी. त्याने कागद वाचला. कडी एकदा हलवून बघितली. मग बाकावर, नेस्ताच्या शेजारी येऊन बसला. नऊ चाळीसची बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर डिल्विनने मान बाहेर काढून बघितलं. इदवल उठला नाही. बस गेली.

"अहो, बस गेली की!" नेस्ता म्हणाली.

"आज नाही जात."

"का बरं?"

"तुला सगळंच कशाला लागतं गं, पोरी?"

"मी सोडते गाडीने. मला काही काम नाही."

"मला बसचा पास फुकट आहे," इदवल म्हणाला, आणि पिशवी उचलून घराकडे चालायला लागला. चढावर दोनदा थांबला.

नेस्ताच्या हातातलं विणकाम तसंच राहिलं. ती बस म्हणजे वाटेतली प्रत्येक वाडी, प्रत्येक फाटा घेत जाणारी, पंचावन्न मिनिटांची वाट, मधे कुठे उतरायची सोय नाही, त्यात घरून चालत यायचा वेळ वेगळा. एकोणऐंशीचं वय. आणि तिला सगळं लख्ख दिसलं. एकतीस मेला कुलूप पडलं की रोजचाच बुधवार. ओलवेन तिकडे ताटापुढे बसणार आणि हा इकडे घरात. आणि या गाढवाने स्वतःच उठून भाषण ठोकलं होतं! आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या! नेस्ताला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि सगळ्या गावाला कान धरून उभं करावं असं वाटलं.

दुसरी सभा एप्रिलच्या शेवटी झाली. चहा झाला, केक झाला, आणि एमिर म्हणाला, "तर मग त्या... त्या विषयाचं हात वर करून आटोपून टाकू."

"थांबा," नेस्ता उठली. "मी सहा दिवस बाकावर बसून मोजलंय. एकशे एकतीस माणसं आली. त्यातले पाहुणे अडतीस. तेही शनिवारी ऊन पडलं म्हणून."

खोलीत कुजबुज झाली.

"मग उरलेले कोण?" एमिरने विचारलं, आणि विचारून बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय विचारलं.

नेस्ताच्या हातात वही होती. सगळ्यांची नजर त्या वहीवर. एमिर लाल झाला. पाद्रीबुवा आपल्या कपाच्या तळाशी काहीतरी शोधू लागले. मागच्या रांगेतल्या, 'घरं आहेत की' म्हणणाऱ्या त्या बाईने पर्स उघडली आणि बंद केली. एका वाचनात सगळा निकाल लागला असता, आणि नेस्ताला आयुष्यात कधी काही वाचून दाखवायची इतकी हौस आली नव्हती. पण इदवल मांडीवरच्या टोपीकडे बघत बसला होता. टोपीची कड तो बोटांनी फिरवत होता, एकसारखी, गोल.

"नावं लिहिली नाहीत मी," नेस्ता धडधडीत खोटं बोलली. "एक नाव माहीत आहे, ते सांगते. नेस्ता प्रिथर्च. मागच्या सभेच्या आधीसुद्धा मी तिथेच जाऊन आले होते, आणि इथे येऊन नंदीबैलासारखी मान हलवली. हसा आता."

हसले. चांगले पोट धरून हसले. पण 'मीपण' म्हणून कोणी उठलं नाही. नेस्ता वाट बघत उभी राहिली, हसणं विरलं, तरी कोणी उठेना. असली माणसं आपली! मग ती म्हणाली, "हात वर नको. चिठ्ठ्या टाकू या."

"आपण नेहमी हातच वर करतो," एमिर म्हणाला.

"चिठ्ठ्या बऱ्या," पाद्रीबुवा घाईघाईने म्हणाले. "चिठ्ठ्या फार बऱ्या."

बिस्किटांचा डबा रिकामा केला. भजनाच्या जुन्या पत्रकांचे तुकडे फाडले. ज्याने त्याने तुकडा तळहाताआड धरून लिहिलं, शाळेत परीक्षेला झाकून लिहितात तसं. एमिरने मोजले. मग पुन्हा मोजले. संडास ठेवावा, चव्वेचाळीस. नको, तीन.

सगळे एकमेकांकडे बघू लागले, जणू बाकीच्यांनीच हे केलं. एमिरने घसा साफ केला. "पाहुण्यांच्या सोयीसाठी," तो म्हणाला, "पोर्थ हेलिगने मोठं मन दाखवलं आहे."

टाळ्या पहिल्या सभेपेक्षा जोरात पडल्या. नेस्ताने 'शिंपल्या'साठी ते वाक्य शब्द न बदलता उतरवून घेतलं, आणि घरी गेल्यावर एकटीच हसत बसली.

दोन दिवसांनी सकाळी ती शहराला जायला बस-स्टॉपवर आली, तर इदवल बाकावर बसलेला.

"त्या वहीत माझं नाव आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"काय लिहिलंयस?"

"बुधवारी गेले नाहीत, असं."

इदवलने मान हलवली. "त्या दिवशी ती जेवली नाही. तिथली मुलगी सांगत होती. घास पुढे केला की तोंड मिटायची आणि दाराकडे बघायची. दोन वाजेपर्यंत दाराकडे." त्याने मांडीवरची पिशवी सरळ केली. "तिला काय सांगणार होतो मी? की यापुढे येत नाही? कारण काय सांगणार होतो?"

नेस्ताला त्या क्षणी विचारण्यासारखं काहीही सुचलं नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असेल.

वळणावर बस दिसली. इदवल उठला, कपड्यांची पिशवी त्याने नेस्ताच्या मांडीवर ठेवली. "आज उशीर झाला मला. बस धरून ठेव," तो म्हणाला, आणि स्टॉपवर जमलेल्या सगळ्यांच्या देखत संडासाकडे चालू लागला.

बस येऊन थांबली. नेस्ता एक पाय पायरीवर आणि एक पाय रस्त्यावर ठेवून उभी राहिली.

"चढ ना, बाई," डिल्विन म्हणाला. "आधीच चार मिनिटं उशीर आहे. आत कोण गेलंय?"

नेस्ताने बसमध्ये नजर फिरवली. अकरा माणसं चढून बसली होती, अकराही गावचीच.

"पाहुणा आहे एक," ती म्हणाली. "बायको जेवायची थांबलीय त्याची. तू गप्प उभा राहा."

डिल्विनने इंजिन बंद केलं. अकराजणांपैकी कोणी घड्याळाकडे बघितलं नाही.