प्लायवुडवरचा चेहरा

त्या वर्षी आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत गणपतीची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. मी ढोलपथकात वाजवायचे, त्यामुळे आमचंच पथक बोलावलं होतं.

सोसायट्यांची रांगोळी स्पर्धाही होती. तळमजल्यावरच्या काकू पहाटेपासून मंडपातल्या प्लायवुडच्या स्टेजवर रांगोळी काढत होत्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पावडर भरण्याचं काम करून निवृत्त झालेली बाई. त्या स्वतःच्या आईचा चेहरा काढत होत्या. आईचा फोटो घरात एकही नव्हता. जे काही होतं ते आठवणीत. संध्याकाळी परीक्षकांबरोबर फोटोग्राफर येणार होता, त्याच्याकडून फोटो काढून घ्यायचा, एवढ्यासाठीच त्यांनी नाव दिलं होतं. तेव्हा मोबाइलला कॅमेरे नसत.

बाहेर चिखल होता, म्हणून मी पथकाला मंडपात, स्टेजला लागून उभं केलं. काकू उठून आल्या.

"अगं, फोटो होईपर्यंत जरा लांब वाजवा. फळी थरथरली की भुकटी पाण्यासारखी पळते. मी जन्मभर पाहिलंय."

"काकू, रांगोळी आहे ती. आमटी नाही सांडायला."

पथकातल्या मुली हसल्या. काकू बाजूला झाल्या.

पहिल्या ठेक्याला पांढऱ्या केसांतले कण उडायला लागले. दुसऱ्याला करडा रंग गालाच्या तपकिरीत शिरला, नाकाची रेघ रुंद झाली. मग सगळ्या चेहऱ्यावर बारीक लाटा उठल्या आणि रंग फळीच्या मधल्या खोलगट भागाकडे सरकू लागले. मला दिसत होतं. मी नुसता हात वर केला असता तर पथक थांबलं असतं, निम्मा चेहरा तरी वाचला असता. पण तीस जणांसमोर काकूंचं म्हणणं खरं ठरलं असतं. मी शेवटपर्यंत वाजवलं.

परीक्षकांनी विचारलं, हे काय काढलंय? काकू म्हणाल्या, काही नाही, रंग सांडलेत. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही पुढे झाले नाही. फोटोग्राफर शेजारच्या इमारतीत गेला.

दुसऱ्या दिवशी मी रंगांचे नवे पुडे घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, पुन्हा काढा, फोटोचं मी बघते.

"काढायला बसले होते सकाळी," त्या म्हणाल्या. "आता डोळे मिटले की तो वाहिलेलाच चेहरा येतो."

पुडे त्यांनी ठेवून घेतले. मी चुकले, हे दोन शब्द मी तेव्हाही म्हटले नाहीत. रंग कुठल्या दुकानातून आणले, ते सांगत बसले.