धरलेलं बी
टोमॅटोच्या पानांचा उग्र वास बोटांना लागला की शहागंजातला माझा बियाणेवाला दोस्त आठवतो. त्याच्याशी घासाघीस करून आणलेलं हायब्रीड पुंडलिकनगरच्या अंगणात असं लगडलं, की पहिली गोड फळं मीच त्याला नेऊन दिली. म्हणालो, "याचंच बी धरतोय, गल्लीभर रोपं वाटणार." मीठ लावून खाता खाता तो म्हणाला, "बहुत खूब, भाई." पुढच्या वर्षी घरोघर बोराएवढी आंबट फळं लागली आणि गल्ली मला हसली. तणतणत दुकानात गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "हायब्रीडचं बी धरत नसतात, दर साल नवं घ्यावं लागतं. तुम्ही भावाशिवाय कधी काय विचारलं?" आता बी दुसरीकडून आणतो. फळ तसंच गोड लागतं, पण मीठ लावून खाववत नाही.