शेजारच्या सीटवरचा ब्रेक

खाली रस्त्यावर कुणी जोरात हॉर्न वाजवला की ब्रेककाकांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जाई. हातात चहाचा कप असो की वर्तमानपत्र, पाय आपलं काम करून मोकळा. बायको होती तेव्हा म्हणायची, "थांबवलंत का घर? आता खाली उतरून भाजी तेवढी आणा."

उभं आयुष्य त्यांनी शेजारच्या सीटवर काढलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणारा स्टिअरिंगवर, काका त्याच्या शेजारी, आणि काकांच्या पायाशी एक जादाचा ब्रेक. त्यावरूनच हे नाव पडलं. अर्ध्या शहराने त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकून घेतलं आणि पुन्हा कधी वळून पाहिलं नाही. काकांना त्यात वावगं वाटत नसे. मागचं बघायला आरसा दिलाय, ते म्हणायचे, मान कशाला वळवायची?

मग गुडघे कुरकुरू लागले. स्कूल बंद झालं, गाडी विकली. त्यानंतर बायको गेली. आता जेवताना चमचा ताटावर आपटला तरी दचकायला व्हायचं.

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्यांच्याकडे तिच्या वडिलांची जुनी गाडी होती. टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलात ती रोज त्याच गाडीने जायची. गाडी आता दमली होती. एका रविवारी नवऱ्याने काकांचं दार वाजवलं.

"काका, गाडी बघायला येता का? जुनीच घ्यायची आहे, पण जरा बरी. मला रंगापलीकडचं काही कळत नाही."

"रंग बघून बादली घ्यायची असते," काका म्हणाले आणि चपला शोधू लागले.

पहिली गाडी पांढरी होती. काकांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला.

"आत्ताच फिरवून आणलीत?"

"नाही हो. उन्हात उभी होती," मालक म्हणाला.

काकांनी वर पाहिलं. डोक्यावर भलंमोठं झाड होतं. मालकानेही वर पाहिलं.

परतीच्या वाटेवर काकांनी सांगितलं, "गाडी गार असताना सुरू करून बघायची. इंजिन गरम केलं की त्याचं सकाळचं खोकणं लपतं."

पुढच्या रविवारची गाडी निळी होती, नुकती धुतलेली. ओल्या पत्र्यावर पोचे दिसत नाहीत, म्हणून काकांनी ती वाळेपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवलं. मग सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढला. टोकाला चिखलाची वाळकी रेघ होती.

"ही बुडाली होती कधीतरी. धुणाऱ्याने सगळं धुतलं. पट्टा एवढा कोण ओढतो?"

तिसरीचा मीटर म्हणत होता, गाडी फारशी चाललीच नाही. ब्रेकच्या पेडलवरचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालं होतं. "मीटर मागे फिरवता येतो," काका म्हणाले, "पाय नाही."

रविवारला एक घडी बसली. नर्स गाडी चालवायची, काका शेजारी, नवरा मागे. वाटेत एखाद्या झाडाखाली थांबून बॉनेटवर चहाचा थर्मास ठेवायचा. काकांचा धडा चालूच असे.

"सिग्नलला एवढी चिकटू नकोस. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. आणि तू मागे पट्टा लाव."

"मी मागे बसलोय काका, मी कुठे जातोय?"

"गाडी आपटली तर उडून बायकोच्या पाठीवर येशील."

"तिला सवय आहे. लग्नापासून पाठीवरच आहे मी."

"निदान इथे तरी कबूल केलंस," नर्स म्हणाली. तिघं हसली.

काका आता शनिवारीच दाढी करून ठेवायचे. आठवडाभर कुणाशी बोलायचं राहिलेलं सगळं रविवारसाठी साठवायचे आणि रविवारी नेमकं विसरायचे.

पुढची गाडी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची होती. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून विकायची. इंजिन गार होतं. पहिल्या किल्लीला सुरू झालं. टायर चारही सारखे झिजलेले. दारांच्या फटी सरळ. पायपुसण्याखाली ओल नाही. काकांनी रेडिओ बंद करून गाडी खडबडीत रस्त्यावर नेली. कुठे खडखड नाही, की ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढ नाही. ते दुसऱ्यांदा वाकून खाली बघू लागले. आपण दोष शोधतोय आणि तो सापडावा असं वाटतंय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. गुडघ्यातून कळ गेली. दोष नव्हता.

"मग काय म्हणता काका? करून टाकू?" नवऱ्याने विचारलं.

काकांनी नर्सच्या हातातल्या थर्मासकडे पाहिलं. गाडी घेतली की थर्मास वरच्या मजल्यावरच राहणार.

"इंजिनाचा आवाज पटत नाही मला," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणता ना, मग नाहीच," नर्स लगेच म्हणाली. तिने कारणसुद्धा विचारलं नाही.

निघताना नवऱ्याने आपल्या गाडीच्या चाकाला हलकी लाथ मारली. "टायरांना पार टक्कल पडलंय. तोवर बदलून टाकू का?"

असल्या टायरांवर काकांनी शिकाऊ माणसाला फाटकाबाहेर जाऊ दिलं नसतं. पण नवे टायर घातले की नर्स म्हणणार, आता जुनीच चालवू. मग कसलं गाडी बघणं नि कसला रविवार.

"जाऊ दे. जाणारच आहे ही," काका आत बसत म्हणाले. आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

गुरुवारी सकाळी नर्स ड्यूटीवरून येऊन थेट त्यांच्या दारात उभी राहिली. कपाळावर पट्टी होती. मनगट सुजलेलं.

"घाबरू नका. टेकडीच्या वळणावर पाण्याची पाइपलाइन फुटली होती. गाडी घसरली."

काकांनी तिला खुर्ची दिली. स्वतः उभेच राहिले.

"तुमचंच आठवलं बघा. ब्रेकवर थयथयाट करायचा नाही. पाय उचलायचा आणि जिकडे जायचंय तिकडेच बघायचं. कठड्याकडे बघितलं असतं तर कठड्यावरून खालीच गेले असते. नुसती घासत गेले." ती हसली. हसताना कपाळ दुखलं असावं. "म्हटलं, घरी जायच्या आधी तुम्हाला सांगावं. तुमच्यामुळे वाचले काका."

काकांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. या वेळी बाहेर हॉर्न वाजला नव्हता. पाय उचलेचना.

"ती बाईंची गाडी," ते म्हणाले. "ती चांगली होती."

"पण इंजिन..."

"इंजिन चांगलं होतं. मी खोटं बोललो."

नर्सने वर पाहिलं.

"तुम्ही गाडी घेतली असती तर रविवारी कुणी आलं नसतं. म्हणून. आणि टायरांना जाऊ दे म्हणालो, तेही त्यासाठीच. मला दिसत होतं."

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. नर्सने मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"नुसतं सांगायचं ना काका," ती शेवटी म्हणाली. "चहाला ये म्हणायचं. आलो असतो आम्ही."

चहाला ये, हे दोन शब्द काकांना कधी जमलेच नव्हते. लोक त्यांच्याकडे शिकायला यायचे. नुसतं भेटायला कुणाला बोलवायचं कसं, ते बायकोला माहीत होतं.

ती उठली. "गाडी अजून असेल का?"

"आहे. परवा बाईंच्या गल्लीतून चक्कर मारून आलो."

"मग रविवारी घेऊन येतो." दारात ती थांबली. "आम्ही दोघंच जाऊ."

"हो," काका म्हणाले. "तेच बरं. गार असताना सुरू करून बघा."

तिने मान हलवली आणि जिना चढून गेली. वर दार लागल्याचा आवाज आला.

रविवारी काकांनी दाढी केली होती. सवय. दुपारी बाईंची गाडी आली. त्यांनी खिडकीतून पाहिलं, पडद्याच्या आडून. नवरा उतरला, गाडीभोवती फिरला, छपरावर थाप मारली. मग त्याने वर पाहून अर्धवट हात हलवला. स्टिअरिंगवरच्या नर्सने वर पाहिलं नाही. तो आत बसला. पुढेच, शेजारच्या सीटवर. पट्टा लावला.

गाडी निघाली. कोपऱ्याशी वळण होतं आणि तिथे लोक कुठूनही मध्ये यायचे. काकांचा पाय फरशीवर दाबला गेला. त्याच क्षणी मागचे लाल दिवे लागले. वळणाच्या आधी, हवे तिथे. मग विझले आणि गाडी अलगद वळून दिसेनाशी झाली.

काकांनी पाय उचलला.