हेल्मेटमधले आण्णा

आमच्या वडिलांची, आण्णांची गाडी कारखान्याने पुन्हा उभी केली त्या वर्षी आमच्याकडे पाऊस झालाच नाही म्हटलं तरी चालेल. माजलगावच्या धरणात गाळ उघडा पडून भेगाळला होता. ऊसच नव्हता, त्यामुळे माझा धाकटा भाऊ ज्या सहकारी साखर कारखान्यात स्टोअरला होता त्याची गव्हाण, म्हणजे ऊस टाकायचा पट्टा, बंद होती आणि कामगारांचे पगार रखडले होते. मी उमापूरच्या शाळेतून निवृत्त होऊन माजलगावात राहत होते. एका सकाळी भाऊ दारात उभा राहिला.

"आक्का, आण्णांची गाडी तयार झाली. चेअरमनसाहेबांचा मुलगा मोठा कार्यक्रम करतोय. तुला मुद्दाम बोलावलंय."

"मी येऊन काय करू?"

"गाडीचा इतिहास लावणार हायेत तिथं. आण्णांचा रेसमधला फोटो दे म्हणले. तुझ्याकडं हाय ना तो?"

माझ्याकडे होता. तसा तो एकच होता. आण्णांचं नाव कुठेतरी लागतंय या आनंदात मी तो कपाटातून काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून भावाच्या हातात दिला.

ती गाडी मूळची हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या मुलाची. विलायतेहून मागवलेली, दोनच माणसांची, लांब नाकाची, वर छप्पर नसलेली. निजामी गेली, जहागिरी गेल्या, आणि ती गाडी परळीजवळच्या त्यांच्या मळ्यात गोठ्यात येऊन पडली. आण्णांचं परळीत वर्कशॉप होतं. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. त्या मळ्यातलं इंजिन बघायला ते गेले तेव्हा गाडीच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आण्णांनी मजुरीच्या बदल्यात गाडी मागितली. जहागीरदाराचा कारभारी हसत "घेऊन जा" म्हणाला आणि आण्णांनी ती बैलगाडीला बांधून घरी आणली.

आई अंगणात उभी होती. "घरात पाय ठेवायला जागा न्हाई, आन् हे भंगार कावून आणलं?"

"भंगार न्हाई ते. मरगळलंय नुसतं," आण्णा म्हणाले.

पुढची दोन-तीन वर्षं संध्याकाळ झाली की ते त्या गाडीखाली असत. जे सुटे भाग मिळत नसत ते स्वतः लेथवर करत. रंग त्यांनी गर्द हिरवा दिला, कारण खरवडल्यावर खालून तोच निघाला होता. दारावर पांढऱ्या रंगाने सतराचा आकडा स्वतः काढला. साताला थोडा बाक आला होता. आईने तो दाखवला तर म्हणाले, "वाऱ्यानं वाकलाय."

हैदराबादेबाहेर, लढाईच्या काळातल्या एका जुन्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यती होत. आण्णा ट्रकवर गाडी चढवून तिथे जायचे. बड्या घरची पोरं, चहामळ्यांचे साहेब, आणि त्यांच्यात परळीचे आण्णा, धोतराऐवजी त्या दिवसापुरती पँट घातलेले. एकदा आम्हालाही नेलं. आई आणि मी वाळूच्या पोत्यांमागे उभ्या होतो. पहिल्या फेरीत हिरवी गाडी शेवटून दुसरी होती. मग पुढच्या गाड्या एकेक करून मागे पडत गेल्या. वळणावर इतर जण ब्रेक लावत तिथे आण्णा गिअर बदलून आत घुसत. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. ते तिसरे आले. गाडीतून उतरले तेव्हा तोंड काजळीने काळं झालं होतं. शेजारच्या कुणीतरी फोटो काढून पुढे टपालाने पाठवला. हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, एक हात बॉनेटवर. तोच हा फोटो.

पुढे आण्णांना अर्धांगवायू झाला. परळीत वीजकेंद्र आलं होतं, आणि गाडीवर टाकलेल्या ताडपत्रीवर रोज राखेचा थर बसायचा. ते खाटेवरून मला सांगायचे, "झाडून घे गं." ते गेल्यावर वर्षाच्या आतच भावाने गाडी चेअरमनसाहेबांना दिली. विकली नाही, दिली. त्याच आठवड्यात त्याला कारखान्यात नोकरीची ऑर्डर मिळाली. मी तेव्हा त्याला अडवलं नाही. त्याला दोन मुलं होती आणि वर्कशॉप चालत नव्हतं.

चेअरमनसाहेबांनी निवडणुकीच्या मिरवणुकीत ती एकदोनदा फिरवली आणि मग मळीच्या टाकीजवळ सोडून दिली. मी एकदा भावाकडे गेले तेव्हा पाहिली. मळीच्या आंबट वासाने तिथे श्वास घेववत नव्हता. सीटची चिंधी झाली होती, आत कुत्री व्यालेली, आणि सतराच्या आकड्यावर पानाच्या पिचकाऱ्या. एक वॉचमन माझ्याशी बोलता बोलता तिथेच थुंकला. त्याला ती कुणाची हे ठाऊक नव्हतं. मला मात्र त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

आता चेअरमनच्या मुलाला जुन्या गाड्यांचा शौक लागला होता. पुण्या-मुंबईला अशा गाड्यांचे मेळावे भरतात, तिथे आपलीही असावी म्हणून त्याने कारखान्याच्याच वर्कशॉपमध्ये गाडी दुरुस्तीला घेतली. पगार नसलेले फिटर आणि वेल्डर त्यावर लावले.

कार्यक्रमाला मी रिक्षाने गेले. गेटबाहेर रस्त्याच्या कडेला बाया हंडे-कळश्या घेऊन बसल्या होत्या. टँकर आत गेला होता म्हणून. आत मंडपापुढे तो टँकर उभा होता आणि दोघे जण त्याच्या पाइपने गाडी धूत होते. पाणी फरशीवरून गटारीत वाहत होतं. कॅमेरावाला म्हणत होता, "अजून मारा, थेंब चमकायला पाहिजेत."

गाडी लालभडक झाली होती. सीटवर सोनेरी रेक्झिन. बॉनेट उघडं होतं, आत कुठल्याशा नव्या छोट्या गाडीचं इंजिन बसवलेलं. जुनं कुठे आहे विचारलं तर एक फिटर खाली बघत म्हणाला, "भंगारात वजनावर गेलं, बाई." दारावरचा आकडा घासून टाकला होता.

मंडपामागच्या भिंतीवर फोटो लावला होता, मोठ्या चकचकीत फ्रेममध्ये. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कारखान्याचे संस्थापक, आपल्या आवडत्या रेसिंग कारसह.

संस्थापक म्हणजे चेअरमनसाहेबांचे वडील. मी पुन्हा वाचलं. मग चेअरमनच्या मुलाकडे गेले. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, अत्तराचा उग्र वास.

"हे माझे वडील आहेत," मी म्हणाले.

तो नम्रपणे हसला. "बाई, हेल्मेट आन् गॉगलमधी कोण ओळखतंय? आमच्या आजोबांनी ही गाडी लई चालवली. लोकांना तेच आवडंल. तुमी दोन शब्द बोला फक्त, तुमच्या वडिलांनी ती दुरुस्त केली म्हणून."

"तुमचे आजोबा वारले तेव्हा गाडी आमच्या अंगणात होती."

"बाई, पाहुणे यायलेत," तो म्हणाला आणि हात जोडून पुढे गेला.

भाऊ पहिल्या रांगेत होता, फेटा बांधून. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वळवून फेट्याचा शेमला नीट केला.

राग यायला हवा होता, पण मला शिसारी आली. त्या रेक्झिनची, त्या अत्तराची, वाहून जाणाऱ्या पाण्याची आणि माझ्याच आईच्या पोटी जन्मलेल्या त्या फेटेवाल्याची. मी एक खुर्ची भिंतीजवळ ओढली, तिच्यावर चढले आणि फ्रेम काढली. वजनदार होती. एका कार्यकर्त्याने मला उतरायला हात दिला, फ्रेम स्टेजवर न्यायची असेल असं त्याला वाटलं. मी ती पदराखाली धरली आणि सरळ गेटबाहेर आले. बायांनी मला सरकून वाट दिली. एकीने विचारलं, "बाई, टँकर येतोय का बाहीर?"

"गाडी धुतायत त्याच्यानं," मी सांगितलं.

ती हंडा उचलून आत निघाली. मग बाकीच्याही उठल्या. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही, पण गावात सांगत होते की बायांनी पाइप ओढून घेतला, हंडे भरेपर्यंत सोडला नाही, आणि पाहुण्यांची गाडी फाटकावर ताटकळली.

दुपारी भावाचा फोन आला. "आक्का, फोटो परत दे. माझी नोकरी जाईल."

"तो कुणाचा आहे ते सांग आधी."

तो पुन्हा नोकरीचंच बोलू लागला. मी फोन ठेवला. नोकरी गेली नाही. त्यांनी दुसऱ्याच कुणाचातरी हेल्मेटमधला फोटो मिळवून तिथे लावला. पेपरात बातमी आली, तीतही संस्थापकच.

दिवाळीत भाऊ आला. चहा घेतला, उठून फोटोपाशी गेला. फ्रेम मी बदलली होती, साधी लाकडी. जवळून बघत तो म्हणाला, "आण्णांचा हात बघ. बॉनेट गरम असंल, पर उचलला न्हाई."

मी त्याला पुन्हा बस म्हणाले नाही. जाताना त्याने या फोटोची एक प्रत मुलांसाठी मागितली. मी काढून देईन, पण अजून दिलेली नाही.