किसनआप्पांची जीभ

किसनआप्पा वाइन चहाच्या बशीतून पीत. पीत म्हणण्यापेक्षा चाखत. गेस्ट हाउसच्या कपाटात उंच दांड्यांचे काचेचे पेले होते आणि ते पुसून ठेवणं हे आप्पांचंच काम होतं. पण स्वतःला चाखायची असली की ते पांढरी बशी घेत, तीत दोन घोटांपुरती वाइन ओतत आणि बशी दोन्ही हातांनी नाकाजवळ नेऊन डोळे मिटून थांबत. "गिलासात वास कोंडतो," ते म्हणत, "बशीत त्यो पाय पसरून बसतो." मग एक घोट. तो बराच वेळ तोंडात फिरायचा. मी समोर बसून त्यांच्या गालांची हालचाल बघत राहायचो.

आमच्या कारखान्यात इटलीहून मशिनं यायची आणि ती बसवायला तिकडचे इंजिनिअर यायचे. दोन-तीन आठवडे राहायचे. त्यांच्यासाठी कंपनीने कारेगावात एक बंगला भाड्याने घेतला होता, तेच गेस्ट हाउस. किसनआप्पा तिथले स्वयंपाकी, राखणदार, सगळं काही. मी परचेसमध्ये होतो, शिरूरला राहायचो, आणि पाहुण्यांना हवं-नको बघणं माझ्याकडे होतं. मी मूळचा दौंडचा. हे पहिल्याच दिवशी कळल्यावर आप्पांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. मी त्यांच्यासाठी कायमचा 'दौंडकर' झालो.

पाहुणे येताना वाइनच्या बाटल्या आणायचे. त्यांतली एकही भारी नव्हती. ब्रूनो नावाचा वयस्कर इंजिनिअर वर्षातून दोनदा यायचा, त्यानेच मला सांगितलं होतं, ही आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीशेजारी असते, हिचं कौतुक कुणी करत नाही. कुणी स्पेनची आणायचं, कुणी पोर्तुगालची, एकदा एका जर्मन माणसाने निळ्या बाटलीतली गोड पांढरी आणली होती. जाताना बाटल्या अर्ध्यामुर्ध्या राहायच्या, आणि ब्रूनो सांगून जायचा, टाकून देऊ नका, तुम्ही संपवा.

मी वर्षातून तीन-चारदा, कुणाच्या पार्टीत वगैरे, एखादी बिअर घेणारा माणूस. मला सगळ्या वाइन सारख्याच लागायच्या. आंबट, थोडी तुरट, मग डोकं जरासं हलकं. पहिल्यांदा आप्पांबरोबर बसलो तेव्हा रविवारची दुपार होती. मी पेला रिकामा करून म्हणालो, "बरी आहे."

आप्पा अजून पहिल्या घोटावरच होते. तो गिळून ते म्हणाले, "पयल्यांदा जांभूळ. मग जांभळाची बी चावल्यावानी. आन् समदं गेल्यावर मागनं चुलवाणाचा धूर."

मी पेल्यात पुन्हा थोडी ओतली आणि प्यायलो. जांभूळ होतं. बीसुद्धा होती. धूर मात्र मला सापडला नाही.

आप्पा केंदूरचे. पण उमेदीची पंचवीस-तीस वर्षं त्यांनी दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर गुळव्या म्हणून काढली होती. उसाचा रस चुलवाणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवर, पसरट काहिलीत उकळत असतो, त्याचा पाक होत आला की काहील नेमकी कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. थोडं आधी उतरवली तर गूळ धरत नाही, थोडा उशीर झाला तर काळा पडतो. आप्पा पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी बघत आणि मग जिभेवर ठेवत. कुठल्या रानाचा ऊस, त्याला पाणी जास्त झालंय का, तोडून किती दिवस झालेत, हे ते पाकाच्या चवीवरून सांगत म्हणे. एकदा उकळता पाक उजव्या पायावर सांडला. पाय बरा झाला, पण चुलवाणासमोर तासन्‌तास उभं राहणं संपलं. मग कुणाच्या तरी ओळखीने ते कारेगावात स्वयंपाकाला लागले.

"ही जीभ बसून व्हती," ते मला एकदा म्हणाले. "भाजीचं मीठ बघण्याशिवाय तिला काय कामच न्हाई उरलं. ह्या बाटल्यांनी तिला पुन्हा कामाला लावलं."

पुढच्या दोन वर्षांत आम्ही पंधरा-वीस बाटल्या चाखल्या असतील. जर्मन बाटलीला आप्पा म्हणाले, "काहील लवकर उतरवलीय. गोड हाय, पण पाक झालेला न्हाई." पोर्तुगालच्या हिरवट पांढरीला, "कैरीला मीठ लावलंय, आन् जिभंवर मुंग्या सोडल्यात." स्पेनच्या लालला, "सुताराच्या नव्या पेटीत चिंच ठिवलीय." फ्रान्सची एक फिकट गुलाबी होती, तिला त्यांनी बराच वेळ दिला आणि मग हसले. "डाळिंबाचं पानी फडक्यातनं गाळलंय. नवी सून पाव्हण्यांत बसल्यावानी हाय. गोड दिसतीय, पण काय बोलतच न्हाई." एक बाटली उघडी राहून उन्हाने बिघडली होती, तर त्यांनी तिच्यात कांदे बुडवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना वाढले. पाहुण्यांनी ते मागून घेतले.

बशीभर झाली की आप्पा थांबत. मी आग्रह केला तर म्हणत, "चव कळली ना? मग आता नुसतं पिनं उरलं."

त्यांची वाक्यं मला पाठ झाली होती. त्यात काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं.

मग एका हिवाळ्यात इटलीतल्या कंपनीचे डायरेक्टर आले. गेस्ट हाउसमध्ये संध्याकाळचं जेवण होतं, आमचे प्लांट हेड, ब्रूनो, असे आठ-दहा जण. मी टेबलाच्या टोकाला होतो. ब्रूनोने स्वतः आणलेली लाल वाइन सगळ्यांना ओतली. डायरेक्टरांनी सहज, बोलायला विषय म्हणून, मला विचारलं की तुम्हाला कशी वाटली. एरवी मी 'छान आहे' म्हणून मोकळा झालो असतो. पण तोंडात जांभूळ आलं, आणि मी बोलायला लागलो. आमच्याकडे एक जांभळं फळ असतं, मी इंग्रजीत सांगितलं, आधी त्याचा गर लागतो, मग बी चावल्यासारखं, आणि सगळं गेल्यावर गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर. काहिलीला इंग्रजीत शब्द सापडेना, म्हणून मी 'काहील' असंच म्हणालो आणि हातांनी तिचा आकार दाखवला.

ब्रूनोने काटा खाली ठेवला. टेबलावरचं बाकीचं बोलणं थांबलं. डायरेक्टरांनी मला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बोलावून घेतलं. दुसरी बाटली उघडली गेली. आप्पांनी स्पेनच्या वाइनला लावलेलं सुताराच्या पेटीचं वाक्य मी तिला लावून दिलं. तेही चालून गेलं.

"हे कुठे शिकलास?" ब्रूनोने विचारलं.

आप्पा गरम भाकरी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण 'काहील' हा शब्द त्यांनी ऐकला होता आणि माझे हात बघितले होते. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. आपल्याला बोलावणार असतील तर हातातली भाकरी कुठे ठेवावी, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मी ब्रूनोला म्हणालो, "आमच्या भागात गूळ होतो."

यात खोटं काहीच नव्हतं. आप्पा पुढे आले आणि त्यांनी सगळ्यांना भाकरी वाढली.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. म्हणालो, "आप्पा, ते तुमचंच सांगितलं मी त्यांना."

"व्हय, कळलं की," भांडी विसळत ते म्हणाले. "बरं झालं. माझ्या तोंडनं त्यास्नी कुठं समजलं असतं?"

पुढच्या रविवारी आम्ही बसलो. आप्पांनी बशी घेतली, घोट तोंडात फिरवला. मी वाट बघत होतो.

"कशी लागतेय?"

"बरी हाय," आप्पा म्हणाले.

त्यानंतरही आम्ही बसलो, पण आप्पा 'बरी हाय'च्या पुढे गेले नाहीत. रुसवा नव्हता. माझ्या चहात आलं जास्त घालायचं ते विसरत नसत, दौंडच्या घरची चौकशी करत. फक्त चवीचं बोलणं बंद झालं. मी तेव्हा माफी मागायला हवी होती. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीची काय माफी मागायची.

सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी इटलीला पाठवायच्या लोकांत माझं नाव आलं. काम मी चांगलंच करत होतो, पण आणखीही दोघे करत होते. तिकडून माझ्या नावाचा आग्रह झाला होता. त्या टेबलावरचा, चवीचं सांगणारा माणूस पाठवा.

तिथे ब्रूनो दर रविवारी मला घरी जेवायला बोलवायचा. सुपरमार्केटमधली कुठलीतरी बाटली उघडायचा, माझा पेला भरायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. आप्पांची सगळी वाक्यं दोन-तीन रविवारांत संपली. मग मी तीच फिरवून सांगू लागलो. पुढे एकदा खरंच प्रयत्न केला. डोळे मिटले, घोट धरून ठेवला, शोध शोध शोधलं. आंबट होती आणि थोडी तुरट. मी म्हणालो, छान आहे. ब्रूनो हसला आणि त्याने बोलणं बायकोच्या बागेतल्या टोमॅटोंकडे नेलं. त्यानंतर त्याने मला कधी विचारलं नाही.

परत आलो तेव्हा आप्पा काम सोडून मांडवगण फराट्याला लेकीकडे राहायला गेले होते. त्यांच्यासाठी मी एक बाटली आणली होती. ती माझ्या शिरूरच्या घरात कपाटात दीड वर्ष पडून राहिली. शिरूरहून मांडवगण काही लांब नाही. पण गेलो असतो तर बोलावं लागलं असतं.

आप्पा अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा गेलो. लेकीचं नाव सुमन. मळ्यातलं घर, पडवीत खाट. आप्पा अर्धे उरले होते, पण मला बघून उठून बसले. "दौंडकर," ते म्हणाले, "तिकडची हवा मानवली का न्हाई?"

मी सगळं सांगितलं. डायरेक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घ्यायला हवं होतं, म्हणालो. जायचा मान माझा नव्हता, तुमच्या जिभेचा होता. तिथे माझं पितळ उघडं पडलं, तेही सांगितलं.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी कुठं जानार व्हतो इमानात बसून? त्याचं काय न्हाई. पन तुम्ही मला नुसतं टेबलापशी बोलावलं असतं ना, तर मला त्या ब्रूनोसायबाला एक इचारायचं व्हतं."

"काय?"

"गुळात काहील उतरवायची घटका असती. ती चुकली की समदं गेलं. ह्यांच्यात ती घटका कुठली? आन् ती कोन वळखतं, मानूस का मशिन? रोज बशी तोंडाला लावली की ह्योच इचार यायचा. तुम्हास्नी इचारलं असतं, पन तुम्हाला ठावं नसनार."

मी म्हणालो, आजच लिहून विचारतो. सुमनताईंनी बाटली उघडू दिली आणि चमच्याने थोडीशी आप्पांच्या तोंडात घातली. ते बराच वेळ डोळे मिटून होते. "वाळल्या अंजिराची हाय," ते म्हणाले. "आन् मागनं लोखंड. इहिरीवरच्या रहाटाचं, ओलं." मी तो शब्दन्‌शब्द लक्षात ठेवला. इतक्या दिवसांनी ते मला काहीतरी सांगत होते.

शिरूरला येऊन मी मेल लिहायला बसलो. ब्रूनोला आप्पांचा प्रश्न विचारायचा, तर स्वयंपाकी आप्पांना तो का पडला हे आधी सांगावं लागणार होतं. म्हणजे तुझ्या टेबलावर मी बोललेलं माझं नव्हतं, हेही. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. उद्या नीट लिहू म्हटलं. कामाचा आठवडा गेला. पुन्हा बसलो. शब्द असे हवे होते की सांगितल्यासारखंही होईल आणि माझी लाजही राहील. तसे शब्द काही मिळेनात. असे पाच आठवडे गेले आणि आप्पा गेल्याचा फोन आला.

मातीला जाऊन आल्यावर मी पुन्हा लिहायला बसलो. अर्ध्या तासात सगळं लिहून झालं, काहीही न झाकता. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं.

दहाव्यानंतर त्याची प्रिंट घेऊन मांडवगणला गेलो. सुमनताई पडवीत शेंगा फोडत होत्या. मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. ब्रूनोने लिहिलं होतं: "आमच्यात ती घटका द्राक्षं तोडण्याची. आता ती मशीन सांगतं. माझे आजोबा होते तोवर ते वेलींच्या ओळीतून चालत जायचे, एक द्राक्ष तोंडात टाकायचे, बी चावायचे आणि फक्त 'उद्या' किंवा 'अजून नाही' एवढंच म्हणायचे. त्यांना ते कसं कळायचं हे आम्ही विचारलं नाही, आणि आता विचारायला कुणी नाही. तुमच्या आप्पांना ते सांगता आलं असतं असं मला वाटतं."

सुमनताईंचे हात थांबले होते.

"आप्पा रोज इचारायचे," त्या म्हणाल्या. "दौंडकरांचा फोन आला का, तिकडनं काय कळलं का. शेवटी शेवटी बोलनं समजत नव्हतं, तरी मला कळायचं काय इचारतात ते. मी म्हनायचे, येईल, सायब लोकं कामात असत्यात."

मी कागदाची घडी घातली.

त्यांनी शेंगांची सुपली बाजूला सारली आणि पदराने हात पुसले. "त्या आजोबांचं पुन्यांदा वाचा," त्या म्हणाल्या. "जरा सावकाश."

मी वाचलं.