वारजे ते खराडी, एका बटणासाठी

वारज्याहून खराडीला जाणं हा पुण्यात प्रवासच असतो. मी एरवी गेलो नसतो, पण समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. "शेवटची बैठक आहे. सुधाताईंना श्रद्धांजली वाहायचीय. आपण याच."

सुधा माझी बायको, विजेची इंजिनिअर. शहरातली ऑफिसं, मॉल अशा इमारतींसाठी वीजबचतीचे नियम लिहिणाऱ्या समितीवर ती होती. तिचं एक कलम अडकलं होतं. दिवे आपोआप बंद करणारे सेन्सर खुशाल लावा, पण प्रत्येक खोलीत दाराशी हाताने चालणारं बटणही हवंच, असं तिचं म्हणणं. मग ती गेली आणि कलम तसंच राहिलं. ते ठेवायचं की काढायचं, हे आज ठरणार होतं. तिच्या बाजूने दोन शब्द बोलावेत असं फार वाटत होतं, पण आमच्या घरी बोलण्याचं काम तिच्याकडे होतं.

निघताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, बाहेरच्या खोलीतला दिवा राहिलाय."

"राहू दे," म्हणालो. ती गेल्यापासून तो मी बंद केलेला नव्हता.

पहिल्या रिक्षावाल्याने नुसती मान हलवली. दुसरा म्हणाला, "खराडी? गावाला जायचं तर स्टँडवर जा की." तरी मीटरने आला. सबंध प्रवासातलं प्रेक्षणीय असं हेच. जवळपास चारशे रुपये झाले. बस स्वस्त पडते, पण बदलावी लागते आणि उभं राहायची तयारी हवी.

येरवड्याला त्यानेच रिक्षा थांबवली. वडापाव कढईतून थेट हातात, मिरची जपून खावी.

"ऑफिसला का, काका?"

"नाही. बायकोची मीटिंग आहे."

"मग त्या कुठंयत?"

"पुढे गेली."

"चांगलंय. आमची अजून साडी निवडत बसली असती."

खराडीची इमारत नखशिखांत काचेची. बैठक मात्र तळघरातल्या सभागृहात, जिथे एक खिडकी नाही. एसी असा, की जाणार असाल तर स्वेटर न्या. तिथले व्यवस्थापक अभिमानाने सांगत होते, "मिनिटभर हालचाल नसली की दिवे बंद. बटण नाहीच कुठे."

बैठकीत बिल्डरांचे प्रतिनिधी उठले. "बाईंबद्दल आदर आहे. पण माणसाच्या हातावर भरवसा असता, तर ही समितीच लागली नसती. कलम काढा."

बऱ्याच माना हलल्या. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायलो.

"निर्णयाआधी," त्या म्हणाल्या, "सुधाताईंसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

सगळे उभे राहिले. पुणेकर श्रद्धांजलीला खरोखर स्तब्ध उभे राहतात, कोणी नाकसुद्धा खाजवत नाही. मिनिटभराने सभागृहात मिट्ट काळोख झाला.

कोणी हललं नाही. मग कुजबुज सुरू झाली.

"हात हलवा कोणीतरी."

"श्रद्धांजली चालू आहे, साहेब."

"व्यवस्थापक, तुम्ही हलवा."

"मी कसा हलू? मी यजमान आहे."

"बटण कुठंय?" हा आवाज बिल्डरांच्या प्रतिनिधींचा.

एवढ्यात दिवे लागले. हललो होतो मी. खांदे गदगदत होते. अध्यक्षबाईंनी येऊन पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, मी रडतोय. मी हसत होतो, ती गेल्यापासून पहिल्यांदाच. नंतर रडलोही थोडा, त्यामुळे उरलेला वेळ दिवे टिकले.

खाली बसताना प्रतिनिधी म्हणाले, "ठेवा ते कलम."

"चर्चा करायचीय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अंधारात झाली की."

मला एक शब्दही बोलावा लागला नाही. येताना बसने आलो, येरवड्यापासून बसायला जागा मिळाली.

घरी बाहेरच्या खोलीतला दिवा जळतच होता. दाराशी बटण आहे. बंद केलं. परत लावून पाहिलं. चालतंय. मग बंद केलं आणि आत गेलो.