खोट्या लढाईतला तुरेवाला स्वार

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी पाथरीत ड्रॉइंग टीचर आहे. स्टाफरूममध्ये कुणी भुताचा विषय काढला की मी सगळ्यांदेखत टिंगल करायचो. आता माझी करा... पण आधी ऐका.

आमच्या बैठकीत युरोपातल्या एका जुन्या एचिंगची प्रिंट होती — तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडनं रेघा खोदून छापतात, तसलं चित्र. राजघराण्यातलं लग्न, लाकडी किल्ला, सज्जात नटलेल्या बायका आणि भाले रोखून धावणारे घोडेस्वार. सासूबाईंनी पाहताक्षणी तोंड वाकडं केलं. "जावईबापू, लढाईचं चित्र घरात लावत न्हाईत."

"मामी, खोटी लढाई हाय ही! पाहुण्यांच्या करमणुकीची. भाल्याला टोकसुदीक न्हाई."

पुढे माझी बायको रेखा आजारी पडली. किडन्या गेल्या. डायलिसिसला परभणी, बाकी वेळ बैठकीतल्या पलंगावर, चित्रासमोर. त्यातला एक तुरेवाला स्वार तिनं आपला मानला.

"ह्यो पडला तर वो?"

"उठतो परत. खोटंच हाय सगळं."

तिला ते लय आवडलं होतं.

एका दुपारी मी चहा टाकत होतो. ती म्हणाली, "अहो... त्यो पडलाय."

मी वैतागून बाहेर आलो. त्या दिवसांत सारखाच वैतागायचो. पाहतो तर खोगीर रिकामं! स्वार घोड्याच्या पायाशी पालथा. काच काढून भिंगाखाली कागद धरला. खाडाखोड नाही, खरवडलेलं नाही. त्याच्या मांडीखाली झाकलेली खोगिराची शिवणसुद्धा आता स्वच्छ छापलेली होती. नांदेडच्या मित्राकडे हीच प्रिंट आहे. व्हॉट्सॲपवर फोटो मागवला — त्याचा स्वार घोड्यावर ताठ बसलेला.

मी फ्रेम कपाटात टाकायला निघालो, तर रेखानं हात धरला. "ऱ्हाऊ द्या. उठंल की त्यो."

मी फ्रेम परत टांगली. पुढे तिला अंधुक दिसायला लागलं. रोज सकाळी विचारायची, "उठला का?" मी म्हणायचो, "उठायलाय."

शेवटच्या वेळी परभणीला निघताना तिनं गाडीत तेच विचारलं. मी म्हणालो, "उठला. बसलाय घोड्यावर."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तुमाला खोटं बोलता येत न्हाई वो."

त्याच संध्याकाळी ती गेली.

छापलेला माणूस कसा पडला, मला आजही माहीत नाही. शोधणंही सोडून दिलंय. कळून आता सांगू कुणाला?